मुडावदच्या संगमात पडलेली चावी

तारीख १२ मे, मागच्या वर्षीची. रक्कम तीन हजार पाचशे रुपये, रोख. जागा – शिंदखेडा तालुक्यातला, तापीवरचा मुडावदचा संगम. हजर: मी, माझा पुतण्या आणि चावीवाला गोकुळ.

हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की माणूस दुःखात होता, काहीतरी गोंधळ झाला असेल. मी एका कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं हिशेब सांभाळतोय. अमावस्येला नवी गाडी आणू नये म्हणणाऱ्यांना मी हसत आलोय. भूतबाधा, करणी यांवर कधी पाच पैसे खर्च केले नाहीत.

माझा मोठा भाऊ, नाना, धुळ्याला राहायचा. हार्ट अटॅकने गेला. त्याच्या अस्थी घेऊन आम्ही त्याच्याच गाडीने संगमावर गेलो होतो. पुतण्याने अस्थी सोडल्या. मी हात धुवायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातली गाडीची चावी, रिमोटवाली, पाण्यात पडली. तिथे पाणी खोल होतं. दोन पोरांनी बुड्या मारल्या, पण मिळाली नाही.

नानाने ती गाडी सेकंडहँड घेतली होती, एकाच चावीवर. धुळ्याच्या शोरूमला फोन केला. चावीचे अकरा हजार आठशे, गाडी ओढून नेण्याचे अडीच हजार, शिवाय आठ दिवस थांबायचं. मग कोणीतरी शिंदखेड्याच्या गोकुळचा नंबर दिला. पन्नाशीचा माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. मोटरसायकलवर लॅपटॉप बांधून आला. साडेतीन हजारांत, तासाभरात नवी चावी कापली, गाडीशी जोडली, गाडी सुरू झाली. लॅपटॉपवर दाखवलं – नोंदलेल्या चाव्या: दोन. एक पाण्यातली, एक ही.

तो म्हणाला, जुनी खोडून टाकू का, पाचशे जास्त पडतील. मी म्हटलं, ती तापीत गेली, आता कोण वापरणार आहे? राहू दे.

तेराव्यानंतर वहिनी मुलाकडे सुरतला गेल्या. आई नानाकडेच राहायची, ती माझ्याकडे जळगावला आली. गाडीही आली. आईचं वय एक्क्याऐंशी, चालते-फिरते, डोकं शाबूत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी आपोआप अनलॉक झाली. इंडिकेटर दोनदा लुकलुकले, चारही दारांचे खटके वर. चावी घरात खुंटीला होती. मला वाटलं शेजाऱ्याच्या रिमोटने झालं असेल. मग वाटलं उन्हाने वायर तापली असेल, पारा चव्वेचाळीसला होता. मिसेस म्हणाली, "पाचशे वाचवले ना, आता गाडी राखत बसा."

मी वहीत नोंद ठेवायला लागलो. सवयच आहे. तारीख, वेळ, ऊन, चावी कुठे होती. मधे तीन दिवस नव्या चावीतला सेल काढून कपाटात ठेवला, तरी गाडी उघडली. सोळा दिवसांत नऊ वेळा. वेळेचा मेळ लागेना, उन्हाचा लागेना. मग एका संध्याकाळी मी आणखी एक रकाना आखला – घरातलं कोण कुठे होतं – आणि मिसेसला विचारत विचारत भरला.

नऊच्या नऊ वेळा आई घरापुढच्या ओट्यावर, गाडीसमोर, एकटी बसलेली होती. ती आत झोपली असताना किंवा देवळात गेलेली असताना – शून्य.

त्या रात्री मी जेवलो नाही. मिसेसला सांगितलं, आईला ओट्यावर एकटी सोडायची नाही. ती हसली नाही.

तरी ते झालंच. १२ जून, दुपारी दीड. मी जेवायला घरी आलो. मिसेस कुकर उतरवायला पाच मिनिटं आत गेली होती. ओटा रिकामा. आई गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसलेली, काचा बंद, चारही खटके खाली. ती घामाने निथळत होती. आणि माझ्याकडे बघतच नव्हती... रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे तोंड करून बोलत होती. मी काच ठोकली, तिने मान वळवली नाही.

रिमोट दाबला. काही नाही. चावी दारात घालून फिरवली, खटका वर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. पुन्हा फिरवली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मिसेस म्हणाली, तुम्ही फिरवा, मी ओढते. खटका वर आला त्या क्षणी तिने सगळा जोर लावून दार ओढलं.

दोन सलाईन लागल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर अवघड होतं.

संध्याकाळी आईला विचारलं, माय, आत कशी बसलीस? आतून दार का उघडलं नाहीस?

ती म्हणाली, "नानानी दार उघाडं. म्हने, माय, बस, चक्कर मारी येऊ." मग म्हणाली, "तू मधमा ऊना."

तू मधे आलास. हे ती रागाने म्हणाली नाही. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी गोकुळ सुरत-भुसावळ गाडीने जळगावला आला. त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की जुनी चावी खोडायची आहे. नानाचं नावही काढलं नाही. त्याने अर्ध्या तासात काम केलं आणि स्क्रीन दाखवली – नोंदलेल्या चाव्या: एक. मी चावी मागितली. चावीतला सेल तपासायला त्याने बाहेर काढला होता, तो त्याच्या तळहातावर होता. तेवढ्यात मिसेस आईला हात धरून ओट्यावर घेऊन आली.

इंडिकेटर दोनदा लुकलुकले. चारही खटके वर.

गोकुळने वायर पुन्हा जोडली, यादी उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली – पुन्हा दोन चाव्या. "भाऊ, दोन शेतस," तो म्हणाला. "मी खोडी टाकी व्हती. तुमनासमोर खोडी."

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि चारही दारांचे पत्रे उघडून लॉकच्या मोटरी काढून टाकल्या. आता दारं हातानेच लागतात, हातानेच उघडतात. मी ती कायम चावीने लावून ठेवतो आणि चावी ऑफिसात नेतो. गाडी विकावी तर ज्याला विकायची त्याला काय सांगू? न सांगता विकणं मला जमणार नाही.

इंडिकेटर मात्र अजून लुकलुकतात. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. सेल बदलला, फ्यूज बदलला, दोन इलेक्ट्रिशियन झाले. तरी कशाचाही उलगडा नाही. आई ओट्यावर बसलेली असते. लुकलुकले की ती हात वर करते आणि आपण दारावर आलेल्या ओळखीच्या माणसाला सांगावं तसं सांगते, "आज नही रे नाना."

मी रोज ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशी आधी ओट्याकडे बघतो.

गोकुळला मोटरी काढण्याचे आठशे दिले. आधीचे धरून चार हजार तीनशे. खोडण्याचे पाचशे मी त्याच्या हातात ठेवले होते, ते त्याने माझ्या खिशात परत घातले. जी खोडली गेली नाही, तिचे पैसे कसे घेऊ, म्हणाला.