बाहुलीचा श्वास

कंपनीच्या आवारात, भर उन्हात गाडी उभी होती. मागच्या सीटवर छाती वरखाली होणारी बाहुली निजवली होती. बंद गाडीत राहून गेलेल्या बाळाचा श्वास नव्या रडारला कळून गाडीचा हॉर्न वाजतो का, हे आम्हाला पाहायचं होतं.

माझ्यासोबत चाचणी घेणाऱ्या वैशालीताईंनी बाहुलीच्या अंगावर दुपटं घातलं. रडार गप्पच राहिलं.

"बाळाला पांघरूण असणारच," त्या म्हणाल्या. आम्ही रडार जरा वळवून बसवलं, पुन्हा दारं लावली. काही वेळानं हॉर्न वाजला.

मी टाळी वाजवणार, तोच ताई धावल्या. दार उघडून त्यांनी बाहुली खांद्याशी धरली. यंत्राचं काम हॉर्नपाशी संपलं होतं. पुढचं धावणं माणसाचंच होतं.

"ताई, बाहुली आहे ती."

"माहीत आहे रे," त्या म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.