सकाळच्या पाळीचा मेसेज

डायलिसिस केंद्राच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. डॉक्टर म्हणत, नर्सा म्हणत, त्यांच्या वडिलांच्या वयाचे पेशंटही म्हणत. कोणाच्या वहिनी, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

पेशंटना पहाटे पाळीचा मेसेज जायचा. ते काम एक छोटी स्क्रिप्ट करायची. म्हणजे काय करायचं ते कॉम्प्युटरला लिहून दिलेलं असायचं. ती काउंटरखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायची आणि ती लिहिणारा तंत्रज्ञ केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

एका सकाळी एक काकू काउंटरशी आल्या. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. त्यांनी पर्समधून फोन काढून पुढे धरला. ‘आज सकाळी सात वाजता या,’ असं त्यावर लिहिलं होतं.

“दिवसाआड येतो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्यांना यायला आता जमणार नाही, एवढं तुमच्या मशीनला सांगा.”

वहिनींना कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांनी तर काकूंच्या यजमानांचं नाव यादीतून लगेच काढलं होतं. पण स्क्रिप्टच्या पोटात जुन्या नंबरांची वेगळीच प्रत होती आणि ती बदलायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. काकू गेल्यावर वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा प्लगच काढला. त्या दिवसापासून त्या स्वतः एकेकाला फोन करू लागल्या. घसा पार बसला.

रविवारी नणंद घरी आली. ती सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती.

“वहिनी, आवाजाला काय झालं गं? दादाशी भांडलीस?”

“भांडायला तरी आवाज उरलाय का?” वहिनींनी सगळं सांगितलं.

“मग ती स्क्रिप्ट क्लाउडवर टाकू. आपला कॉम्प्युटर चालू ठेवायलाच नको. वेळ झाली की क्लाउडवाल्या कंपनीची मशीन जागी होणार, मेसेज पाठवणार, परत झोपणार.”

“आणि बदल करायचा झाला तर? तू काय रोज येणार आहेस?”

“एआय सहायक जोडून देते. तू साध्या मराठीत सांगायचं, तो स्क्रिप्ट लिहून तिकडे चढवेल.”

मोठ्या डॉक्टरांची परवानगी घेऊन दोघी कामाला बसल्या. नणंदेनं सहायकाला क्लाउडची किल्ली दिली, पण एवढ्याच कामापुरती. नावं नाहीत, आजार नाहीत. फक्त फोन नंबर आणि वेळ. वहिनींनी टाइप केलं, “यादीतून काढलेल्या नंबरला मेसेज चुकूनही जायला नको.”

उत्तर आलं, “प्रत्येक वेळी पाठवण्याआधी तुमची चालू यादीच वाचली जाईल. वेगळी प्रत ठेवलेली नाही.”

वहिनींचा शब्दांवर विश्वास नव्हता. त्यांनी दोघींचे नंबर घालून पाहिले, मग नणंदेचा काढला. या वेळी एकच फोन वाजला.

“मला वगळलंस की गं!”

“एकदाची,” वहिनी म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मग आत जाऊन त्यांनी काकूंना फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. नणंदेनं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मेसेज येईल, फोन येणार नाही, असं त्यांनी पेशंटना कळवलं. आणि सकाळी पाहतात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या! मशीन तयार, नर्सा तयार, पेशंटचा पत्ता नाही. वहिनींनी भराभर फोन लावले.

“मेसेज नाही आला,” शिंपीकाका म्हणाले. “म्हटलं, आज सुटलो.”

“सुटलो कसले? निघा आधी!”

उशिरा का होईना, सगळे पोचले. दुपारची पाळी पुढे सरकली. डॉक्टर सारखे घड्याळाकडे पाहत होते. जेवणाची वेळ होत आली असताना हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले. शिंपीकाकांच्या एका हाताला नळ्या होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी फोन उंच धरला.

“वहिनी, सकाळी सातला बोलावलंय. असाच पडून राहू, की घरी जाऊन परत येऊ?”

अख्खा हॉल हसला. डॉक्टरही.

वहिनींनी सहायकाला जाब विचारला. त्यानं लिहिलं, “क्लाउडचं घड्याळ जगाच्या सामाईक वेळेवर चालतं, भारताच्या साडेपाच तास मागे. तुमची स्थानिक वेळ मी विचारायला हवी होती. चूक माझी आहे.”

“पुढच्या वेळी विचारत जा बाबा,” वहिनी पडद्याला मोठ्यानं म्हणाल्या. घड्याळ दुरुस्त झालं. मेसेज गेला नाही तर आधी आपला फोन वाजायला हवा, हेही त्यांनी करून घेतलं. तरी आठवडाभर त्या मेसेज जाऊनही फोन करतच राहिल्या. विश्वास बसला तेव्हाच थांबल्या.

पुढे एकदा डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं आणि दुपारची पाळी संध्याकाळवर गेली. नणंद प्रवासात होती. वहिनींनी नवी वेळ लिहिली, आधी स्वतःच्या फोनवर मेसेज पाठवून वाचून पाहिला, मगच सगळ्यांना सोडला. मग चहा मागवला आणि तो गरम असतानाच प्यायल्या.