साहेबांसाठी तांदूळ

आज दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाला इंद्रायणी तांदळाचा भात शिजला आणि त्या वासानं मी ताटावरून उठले.

निगडीच्या एका ग्रंथालयात ग्रंथपाल व्हायचं माझं स्वप्न होतं. अर्ज करून दोन वर्षं झाली तरी उत्तर नव्हतं. शेवटी दादा पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या गणवेशातच माझ्याबरोबर तिथल्या साहेबांकडे आले. हातात घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी होती. साहेबांनी ती टेबलाखाली सरकवून घेतली आणि मग सांगितलं, “ती जागा मागच्याच वर्षी भरली हो.”

“असू द्या, साहेब. तांदूळ घरचाच हाय,” दादा हसून म्हणाले.

मला त्या हसण्याची किळस आली. बाहेर येताच मी म्हणाले, “किती लाचार आहात तुम्ही!” त्यांनी घरी, महाळुंग्याला जायची दोन तिकिटं काढली.

आता किळस येते ती माझीच. त्या दिवशी आत साहेबांना मी ‘थँक्यू सर’ म्हणाले होते.