आत्याचे हातमोजे

आमच्या आत्याचा विषय निघाला की लोक आधी तिच्या हातांबद्दल बोलतात. मी आधी तिच्या तोंडाबद्दल सांगते. असं फटकळ तोंड आख्ख्या रस्त्यात दुसरं नाही. ताजा आहे का म्हणून कुणी पाव दाबून बघायला लागलं की ती आतून ओरडते, "अहो, नाडी काय बघताय, जिवंत आहे तो!" गिऱ्हाईक हसतं आणि एकाच्या जागी दोन पाव घेऊन जातं.

बेकरी आमची घरचीच. बाबा भट्टीवर, मी गल्ल्यावर, आई जिथे कमी पडेल तिथे, आणि आत्या पीठ मळायला. ती बाबांची धाकटी बहीण. तिचं टेबल रस्त्याकडच्या मोठ्या काचेला लागून आहे. हे आजोबांनी मुद्दाम केलेलं. पीठ कसं मळतात ते लोकांना दिसू दे की, लपवायचं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं. शाळेतून येणारी पोरं काचेला नाक लावून उभी राहतात आणि आत्या पिठाचा गोळा धाडकन आपटून त्यांना दचकवते.

आता हात. आत्याच्या हातांवर कोड आहे. ऐन विशीत बोटांच्या टोकांना सुरू झालं आणि हळूहळू कोपरापर्यंत गेलं. ते दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी शंभरदा सांगून झालंय. पण ऐकतंय कोण? आत्याने पाव पुढे केला की काही जण हात मागे घेतात. एक बाई तर मला लाडात म्हणते, "तुझ्या हातचा दे हं." जसं काही पीठ मीच मळलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आत्या मात्र म्हणते, "जाऊ दे गं. खाते ना माझ्याच हातचं? खाऊ दे पोटभर."

तिचं लग्न झालं नाही. ठरलं होतं, मोडलं. मला एवढंच माहीत होतं. घरात त्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

गेल्या वर्षी एका सकाळी बघते तर काचेपाशी आत्या नाही. मागच्या गोदामात, पोत्यांच्या मधे, एक डगमगतं टेबल मांडून बाईसाहेब तिथे मळत होत्या. हातांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे.

"हे काय नवीन?"

"काचेतून ऊन येतं गं. डोळ्यांना त्रास होतो."

"आणि हातमोजे?"

"थंडी वाजते."

भिंतीपलीकडे भट्टी पेटलेली, आणि हिला थंडी! मी म्हटलं, "थाप मारायची तर निदान पटेल अशी मार." ती हसली नाही. आत्या हसली नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढी अक्कल मला आहे. पण खोदून विचारलं तरी तिने ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग पाव बिघडायला लागला. पीठ रबराला चिकटायचं. ते सुटावं म्हणून आत्या वरून कोरडं पीठ भुरभुरायची, पुन्हा चिकटलं की पुन्हा भुरभुरायची. कणीक किती ओली झाली हे बोटांना कळतं, रबराला काय डोंबल कळणार? पाव असा निघायचा की एखाद्याला फेकून मारला तर टेंगूळ येईल. समोरचे शिंपीकाका एक पाव घेऊन परत आले, गल्ल्यावर टकटक वाजवून दाखवला आणि म्हणाले, "पोरी, यावर इस्त्री फिरवून बघू का?" बाबा म्हणायचे, भट्टीत काहीतरी गडबड आहे. सारखं भट्टीचं दार उघडून बघायचे. ती लाडिक बाईसुद्धा आली. "काय गं, पूर्वीसारखा लागत नाही."

"पूर्वी तो आत्याच्या हातचा होता," मी म्हटलं. "आता रबराच्या हातचा आहे." ती पाव न घेताच गेली. जाऊ दे मेली.

त्याच दिवसांत माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? त्याच्याशी बोलताना वेळ कसा जायचा कळायचं नाही. त्याची आई अधूनमधून पाव न्यायला यायची आणि काचेतून आत बघत उभी राहायची. ते पावासाठी नव्हतं हे मला उशिरा कळलं. एका दुपारी कागदी पिशव्या आणायला गोदामाकडे गेले तर आईचा रडका आवाज कानावर आला.

"त्यांनी विचारलं गं, तुमच्या घराण्यात आहे का म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, भाजल्याचे डाग आहेत."

"बरं केलंस, वहिनी," आत्या म्हणाली. "आणि आत बसायचं मीच ठरवलं ना? ते बोलायला येतील तेव्हा मी वर येणारच नाही. माझ्यापायी पोरीचं काही अडायला नको."

मी पिशव्या न घेताच मागे फिरले. आईचा राग आला, आत्याचा त्याहून जास्त आला, आणि दोघींना मिठी मारावी असंही वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून जाऊन गल्ल्यावर बसले.

रविवारी पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. बेकरीच्या वरच आमचं घर. चहा झाला. त्याच्या आईने पावाचा तुकडा मोडला, म्हणजे मोडायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "जरा कडक झालाय, नाही?" मग हळूच, "त्या बाई दिसत नाहीत हल्ली? काचेपाशी मळायच्या त्या?"

"बरं नाही तिला," आई म्हणाली.

झालं. माझा ताबा सुटला. तडक खाली गेले, आत्याचे हातमोजे ओढून काढले. आत तिची बोटं घामाने भिजून सुरकुतलेली, कातडी सोललेली. ती नको नको म्हणत असताना तिला हाताला धरून वर आणलं.

"ही माझी आत्या. हे कोड आहे. भाजलेलं नाही, आई घाबरून तसं म्हणाली. उद्या मलाही होऊ शकतं, माझ्या मुलांनाही होऊ शकतं. आता काय ते बोला."

कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. त्याची आई अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमचं काही नाही हो. पण लोक विचारतात." हे लोक कोण, ते मला आजवर भेटलेले नाहीत. जो तो म्हणतो आमचं काही नाही, आणि सगळे मिळून एका बाईला गोदामात बसवतात. मी मुलाकडे बघितलं. त्याने नुसती मान वर केली असती तरी मला पुरलं असतं. तो कपात बघत बसला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

ते गेले आणि आत्या माझ्यावर तुटून पडली. "काय केलंस हे, भवाने? सोन्यासारखं ठरत आलेलं!" पाठीत दोन धपाटे घातले आणि स्वतःच रडायला लागली. "माझ्यामुळे मोडलं गं तुझं."

मीही रडतच होते. आवडला होता ना तो मला. "तुझ्यामुळे नाही मोडलं," मी म्हटलं. "त्यांच्यामुळे मोडलं. तुझ्या हातांनी काय घोडं मारलंय कुणाचं?"

आत्या एकदम थांबली. मग खुर्चीत बसली आणि दारात उभ्या असलेल्या बाबांना म्हणाली, "दादा, माझ्या वेळी असं कुणी बोललं नाही रे." आवाजात तक्रार नव्हती, नुसती आठवत होती. "माझं मोडलं तेव्हा मी घरात सगळ्यांची माफी मागितली होती. आईची, बाबांची, तुझीसुद्धा. आणि तुम्ही सगळ्यांनी मला माफ केलंत."

बाबा येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन तसेच बसून राहिले.