नाक बारीक करा

नांदेडच्या आमच्या गल्लीतले फोटोवाले चाचा समोर बसलेल्या प्रत्येकाला 'बेटा' म्हणतात, सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही. हल्ली पोरं मोबाइलमधला आपलाच गुळगुळीत, पांढराफटक चेहरा दाखवून "असा करून द्या" म्हणतात, तेव्हा मात्र ते माऊस आपटतात. या मोबाइलनं पोरांना स्वतःच्या तोंडाची लाज वाटायला लावली, याचा संताप मलाही येतो.

काल लोह्याहून एक मुलगी वडिलांसोबत कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढायला आली होती.

"चाचा, नाक लई जाड दिसून राहिलंय. मोबाइलमधल्यासारखं बारीक करा की."

चाचा भडकले. "बेटा, मागं बघ जरा. तुझ्या बापाचं नाक हाय ते. पुसून टाकू काय?"

तिनं मागं पाहिलं. बापानं खांद्यावरचा रुमाल नाकावर धरला होता.