कांदा, कासव आणि टेमगिरे सर

टेमगिरे सर मला पहिल्यांदा भेटले ते चाकणच्या कांदा बाजारात. कॉलेजात नवा होतो. कबड्डीच्या निवडीला गेलो आणि ऐटीत विचारलं, "मॅट कुठंय?" सरांनी अंथरलेल्या रिकाम्या गोण्यांकडे बोट दाखवलं. कॉलेजला मैदान नव्हतं. लिलाव नसेल त्या दिवशी बाजाराचं आवार आमचं.

साहजिकच आमच्या अंगाला कांद्याचा वास येई. चिंचवडच्या कॉलेजची पोरं नाकं दाबत. मी रडकुंडीला येऊन तक्रार केली, तर सर म्हणाले, "वास तर येतोयच, मग चित्र बी असू दे की!" पुढच्या सामन्याला आमच्या जर्सीवर टपोरा लाल कांदा होता. आमच्या शुभंकराचा जन्म हा असा.

चिंचवडकरांचं कासव मात्र मला महागात पडलं. माझ्या शेवटच्या वर्षी अंतिम सामना चाकणला होता. विजयी कर्णधाराला एक कंपनी आपल्या संघात नोकरी देणार होती, आणि कर्णधार मी होतो. चिंचवडची बस ट्रकांच्या रांगेत अडकली. वेळ टळली, पंच आम्हाला विजयी ठरवायला निघाले. आमची पोरं "कासवं, कासवं" ओरडू लागली. सर उठले. "गाडी अडकली त्यांची. आमी थांबतो." तासाभराने ते आले आणि एका गुणाने जिंकून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी जर्सीवर अभिमानाने कासव छापलं.

मी वर्षभर सरांशी अबोला धरला. ते मात्र काळेवाडीच्या माझ्या खोलीवर येत राहिले. क्रीडाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज त्यांनीच आणला, मी फुगून बसलो तेव्हा स्वतःच भरला. म्हणाले, "तुझं नुकसान माज्यामुळंच झालं, व्हय. पण परत तीच येळ आली तरी मी थांबनच." मी शिकलो, नोकरीला लागलो, बोलूही लागलो. अढी मात्र राहिली.

आज सरांच्या जागी मी आहे. गेल्या हंगामात चिंचवडला जाताना आमचीच बस अडकली. पोहोचलो तेव्हा वेळ कधीच टळली होती. कासवाच्या जर्सीतली पोरं मैदानात रांगेने उभी होती. त्यांचा कर्णधार म्हणाला, "या सर. कांद्यासाठी थांबायचं, ही आमच्याकडं रीतच आहे." माझी अढी त्या दिवशी गेली.

सर, पंच्याहत्तरी झाली. शंभरीकडे अगदी कासवाच्या चालीने या, ठणठणीत या. उशीर होऊ द्या. आम्ही थांबतो.