आप्पाची पिकअप गप होती

आमच्या गल्लीत दिवस उजाडला की नाही, हे कोंबड्याला विचारायची गरज नव्हती. मन्मथप्पाची पिकअप सांगायची. आंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून हा गडी किराणा दुकानाचं शटर उघडायच्या आधी शेजारच्या पत्र्याच्या शेडात शिरायचा आणि सेल्फ मारायचा. घर्रर्र करत जुनं डिझेल इंजिन जागं व्हायचं, शेडातून काळा धूर निघायचा आणि अख्खी गल्ली खोकायची. कुणी कुरकुरलं तर आप्पा म्हणायचा, "जुनी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी असती बाबा. रोज थोडं बोलू द्यावं लागतं, न्हाई तर जाम होती."

नांदूरघाटातल्या दुकानदाराला हा नाद कुठून लागला, देव जाणे. लोक पन्नाशीत प्लॉट घेतात, जावई शोधतात. हा बीडच्या भंगारवाल्यांकडं जायचा आणि मेलेल्या पिकअप उचलून आणायचा. ही तिसरी. आणली तेव्हा हौद्यात बाभळीचं रोप उगवलेलं होतं, खोटं नाही सांगत. इंजिन पाशाभाई मिस्त्रीनं खोललं. बाकी सगळं आप्पाच्या हातचं. गंज घासला, हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळ्या रॉकेलात भिजवून मोकळ्या केल्या, हौद्याला सागवानी फळ्या बसवल्या आणि त्यांना जवसाचं तेल चोळत बसला. त्याची बायको शांतादेवी दारातून म्हणायची, "एवढं तेल माझ्या डोक्याला लावलं असतं तर केस तरी राहिले असते." आप्पा हसायचा आणि चोळत राहायचा.

खोड एकच. गाडीत काही भरू द्यायचा नाही. अरे, पिकअप ती, ओझं वाहायलाच जन्मलेली! पण आप्पाच्या हौद्यात सोयाबीनचं एक पोतंसुद्धा चढलं नव्हतं. म्हणायचा, पहिला फेरा कपिलधारच्या समाधीचा. प्रसादाची भांडी घेऊन जायचं, स्वामींपुढं नारळ फोडायचा, मग बाकीचं. सोमवार ठरला होता.

आणि शुक्रवारी सकाळी छबुबाई आली.

छबुबाई म्हणजे शेडाच्या मागच्या भिंतीला लागून राहणारी विधवा बाई. घरात ती आणि तिची तांबडी गाय, तिसरं कुणी नाही. त्या गाईच्या दुधावर तिची चूल पेटायची. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत हात माखलेले, तशीच दुकानापुढं येऊन उभी राहिली.

"आप्पा, तांबडी अडलीय. वासरू आडवं आलंय. डॉक्टर म्हंतोय, माझ्याकडं दुसऱ्या जनावराचं पोट फाडलेलं हाय, टाकून येता येत न्हाई, इकडंच घेऊन या. तुमची गाडी काढा की."

आप्पाच्या डोळ्यापुढं गाय आली नाही. फळ्या आल्या. कालच तेलाचा शेवटचा हात फिरला होता. त्यावर कळा देणारी गाय, तिचं शेण, तिचं मूत, रक्त! आणि सोमवारी तीच गाडी स्वामींच्या पायरीशी? तोंडातून निघून गेलं, "अवं, बॅटरी उतरलीय, छबुबाई. नेमकी आजच."

"मग ढकलू की. चार गडी बोलावते."

"ढकलून व्हायची न्हाई. डिझेलमदी हवा धरलीय." एक खोटं झाकायला दुसरं आलं, आणि ते तर अगदी मिस्त्रीच्या थाटात आलं.

छबुबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पळाली. मागं दारात शांतादेवी उभी होती. आप्पाला आठवलं, मघाशीच तर आपण गाडी चालू केली होती. पण छबुबाई गोठ्यात गुंतलेली असणार, तिला कसलं भान? असं मनाला समजावत त्यानं साखर तोलायला घेतली आणि गिऱ्हाइकाला डाळ बांधून दिली.

दुपार होता होता छबुबाईला कुणाचा तरी टेम्पो मिळाला. संध्याकाळी ती परत आली. गाय वाचली होती. वासरू नव्हतं. कालवड होती म्हणे, कपाळावर पांढरा टिळा असलेली. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. ही बातमी आप्पाला दुकानातच एका गिऱ्हाइकानं सांगितली, आणि सांगून झाल्यावर काडेपेटी मागितली. आप्पानं त्याच्या हातात साबण ठेवला.

शनिवारी सवयीनं तो शेडात शिरला. किल्ली लावली, आणि हात तिथंच थिजला. आता ही घर्रर्र करून उठली तर? भिंतीपलीकडं छबुबाई धार काढत बसलेली. ज्या आवाजावर छाती फुगायची, तोच आवाज आता चोराच्या पावलासारखा लपवायची वेळ आली! किल्ली काढून तो बाहेर आला. त्या दिवशी गल्ली खोकली नाही. बाहेर पारावर मात्र जिभा सुटल्या.

"आप्पाची बॅटरी बरी नेमकी त्याच दिशी उतरली बे!"

"गाडीची कशाला उतरंल? माणसाची उतरली आसंल."

दुकानात बसून आप्पानं सगळं ऐकलं. कान तापले, पण मान वर करायची हिंमत झाली नाही. जेवताना शांतादेवीला म्हणाला, "सोमवारचं राहू दे कपिलधार." तिनं भाकरी ताटात टाकली. "राहणारच की. बॅटरी उतरलीय न्हवं तुमची?" आप्पा ताटावरून उठला.

रविवारी सकाळी पाशाभाई मिस्त्री आला. खांद्यावर बॅटरी, स्वतःच्या गॅरेजमधून आणलेली. पार ओलांडताना मोठ्यानं ओरडत आला, "काय आप्पा, बॅटरी बसली म्हनं! सांगायचं न्हाई का मला?"

आप्पाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पारावरची माणसं उठून शेडापाशी आली. पाशाभाईनं बॉनेट उचललं, वायरचं टोक बॅटरीला टेकवून पाहिलं. चांगली टपोरी ठिणगी उडाली. त्याच्या पाठीआड ती कुणाला दिसली नाही, आप्पाला दिसली. बॅटरी भरलेली होती. आता हा उठून सांगणार, सगळे हसणार, आणि हसायलाच पाहिजे. आप्पानं डोळे मिटून घेतले.

"साफ बसलीय," पाशाभाई म्हणाला. "हवाबी धरलीय जराशी." त्यानं स्पॅनर घेऊन उगाच खाटखुट केली, चांगली बॅटरी काढली, स्वतःची बसवली आणि सेल्फ मारला. गाडी उठली. शेड धुरानं भरलं, माणसं खोकत पांगली. एकजण म्हणाला, "खरंच उतरलती की रे." पाशाभाई आप्पाकडं न बघताच भरलेली बॅटरी खांद्यावर टाकून निघाला. "चार्ज करून आणून देतो," एवढंच बोलला.

आप्पाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. खोटं उघडं पडलं असतं तर एकदाच पडलं असतं. आता ते पाशाभाईच्या खांद्यावरून गावभर फिरणार होतं.

संध्याकाळी छबुबाई दुकानात आली. हातात पातेलं, त्यावर ताटली. "खरवस केलाय. चीक काय टाकून द्यायचा हाय? घ्या."

शांतादेवीनं आत नेऊन पातेलं रिकामं केलं. खरवसाची एक वडी ताटलीत घालून आप्पापुढं ठेवली आणि कडेला उभी राहिली. वेलदोड्याचा वास येत होता. ज्या कालवडीनं हा चीक प्यायचा, ती आली नव्हती. आप्पाचा हात वडीपर्यंत गेला आणि मागं आला.

"छबुबाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "बॅटरी उतरली नव्हती."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय?"

"अवं, गाडीचा आवाज ऐकूनच आलते की मी. तांबडी कण्हत होती, मी म्हनलं, बरं झालं, आप्पाची गाडी चालू हाय."

आप्पानं ताटली बाजूला सारली. "मग पाशाभाई..."

"मीच सांगितलं त्याला. पारावर लई वंगाळ बोलाय लागलते लोक. चारचौघांत एकदा बॅटरी बदलली की तोंडं बंद. रोज एकमेकांचं तोंड बघायचंय आपल्याला."

"शिव्या द्या हो मला," आप्पा म्हणाला. "चार शिव्या तरी द्या."

"त्यानं कालवड येती का?" छबुबाईनं हात पुढं केला. "पातेलं द्या. धारेची येळ झाली."

शेजाऱ्याचं पातेलं रिकामं परत द्यायचं नसतं. आप्पा ते हातात घेऊन दुकानात उभा राहिला. साखर, शेंगदाणे, खोबरं, सगळं भरलेलं होतं, आणि त्यातलं काहीच त्या पातेल्यात घालण्यासारखं वाटेना. शेवटी त्यानं खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि पातेल्यात टाकली. ती टणकन वाजली.

छबुबाईनं वाकून पाहिलं. किल्ली उचलली आणि वजनकाट्याशेजारी ठेवली.

"मला कुठं चालवाय येती, आप्पा? गुळाचा खडा टाका."

आप्पानं गुळाचा खडा टाकला.